रिकाम्या वाडग्यातलं सूप

गिटल : नाही सर, सत्ताविसावं पान मी छापखान्यात पाठवलेलं नाही.

लेस्टर : अभिनयशाळेचा तीस वर्षांचा इतिहास तू एका पानावर अडकवणार?

गिटल : एका वाक्यावर. ‘रिकाम्या वाडग्यातून सूप पिण्याचा सुविख्यात पाठ संस्थापक लेस्टर ब्रोडी यांनी मॉस्कोच्या अभिनय-परंपरेतून सिद्ध केला.’ मॉस्कोला कधी गेला होतात?

लेस्टर : मॉस्को माझ्याकडे आलं होतं. पुस्तकांतून.

गिटल : आणि सूप आलं फ्रेडे लामकडून.

लेस्टर : आज तिचं नाव नको घेऊस.

गिटल : आजच घेणार. अकरा वाजता तिची शवगाडी सेकंड अव्हेन्यूवरून जाईल. नट गेला की गाडी त्याच्या नाटकघरापुढे थांबवतात, ही तुमच्या यिडिश नाटकमंडळींची रीत. तिचं नाटकघर म्हणजे ही इमारत. शाळा तुम्ही नंतर थाटलीत.

लेस्टर : रीत मला शिकवू नकोस, पोरी. नाटकघरातलं कुणी दारात येईपर्यंत गाडी थांबते. कुणीच आलं नाही, तर निघून जाते.

गिटल : मग बसला आहात का?

लेस्टर : गुडघा.

गिटल : काल याच गुडघ्यावर तुम्ही वर्गात तलवार फिरवत होतात.

लेस्टर : तुझी जीभ पहिल्यापासून अशीच. म्हणून नटी झाली नाहीस, नाट्यशास्त्राची डॉक्टर झालीस.

गिटल : आभारी आहे.

लेस्टर : पोलंडात आम्हा ज्यूंची यिडिश नाटकमंडळी गावोगाव हिंडायची. मी एकोणीस वर्षांचा, तेव्हा लेझर ब्रोडाव्स्की. जेवणाच्या प्रसंगात वाडग्यात खरं काही ठेवलं, तर नट पडद्यामागेच चाटून पुसून टाकायचे. म्हणून वाडगा रिकामा. फ्रेडे आधी फुंकर घालायची. मग चमचा. पहिल्या रांगेतल्या बायका रडायच्या, इतकी भूक दिसायची. तिनंच मला शिकवलं.

गिटल : आणि एकावन्न साली?

लेस्टर : हॉलिवूडहून एक निर्माता वर्ग बघायला आला होता. मी रिकाम्या वाडग्याचा पाठ घेत होतो. फ्रेडे तेव्हा माझ्याबरोबर शिकवायची; ती मागून यिडिशमध्ये ओरडली, ‘लेझर, फुंकर विसरलास.’ निर्मात्यानं विचारलं, ह्या बाई कोण?

गिटल : तुम्ही काय सांगितलंत?

लेस्टर : शिवणकामवाली.

गिटल : दुसऱ्या दिवसापासून ती खरोखरच तळघरात शिवत बसली. अकरा वर्षं.

लेस्टर : तिचे उच्चार मुलांना लागतील, असं मी समितीला सांगितलं. समितीत दहापैकी नऊजण आईशी यिडिशमध्येच बोलत. सगळ्यांनी मान डोलावली. मीही. एकदा तरी तिनं मला शिव्या द्यायच्या होत्या, गिटल. ती माझ्या कोटाची बटणं लावत राहिली.

गिटल : माझा झगाही तिनंच उसवून नीट केला होता. त्रेपन्न साली, मी इथं शिकत असताना. टाचण्या तोंडात धरून म्हणाली, ‘वरचे तुम्हाला गिळायला शिकवतात. आधी फुंकर घाल. पोळण्याची भीती नसेल तर सूप कसलं?’

लेस्टर : मग तुझ्या पहिल्या ग्रंथात का नाही लिहिलंस?

गिटल : त्यात जागा नव्हती.

लेस्टर : चारशे पानं. मॉस्कोवर एक अख्खं प्रकरण.

गिटल : कारण शिवणकामवाली हा पुरावा होत नाही, असं मला वाटलं. तुमचं खोटं एका वर्गापुरतं होतं, सर. मी त्याला संदर्भसूची जोडली. आता चारशे पानं वाचलेला माणूस मॉस्कोचं नाव घेतो, आणि मी व्याख्यानं देत हिंडते.

लेस्टर : म्हणून एवढी चिडली आहेस.

गिटल : तुमच्यावर चिडणं त्यातल्या त्यात सोपं होतं.

(खाली रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज.)

लेस्टर : आली.

गिटल : पान बदलू?

लेस्टर : बदल. तिचं नाव घाल. ‘शिवणकामवाली’ हा शब्दही राहू दे, कुणी म्हटलं त्याच्या नावासकट. मागच्या जिन्यानं उतरतो.

गिटल : तो तिचा जिना होता. तुम्ही पुढच्या दारानं चला. शाळेची सगळी मुलं पायऱ्यांवर उभी आहेत. विचारतील, ह्या बाई कोण होत्या.

लेस्टर : काठी दे. टोपीही.

गिटल : काय सांगाल?

लेस्टर : सांगतो. गरम आहे, गिटल. आधी जरा फुंकर घालू दे.