टेकाडावरचा मुरूम

अकोल्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या. माझ्यापुढच्या गाडीवर उकर्डा बसला होता, आणि त्याच्याच गावचे म्हातारे नत्थुजी त्याच्या गाडीचं चाक निरखत उभे होते.

“का गा उकर्डा, चाकाले हा लाल मुरूम कुठचा?”

“रस्त्यानं लागला असन, काका.”

“आपलं सारं शिवार काळ्या मातीचं. मुरूम हाय तो फक्त मुर्द्यांच्या टेकाडावर.”

“मंग तिथंच लागला असन. येता-जाता तिथं दगड ठेवायची रीतच हाय न आपली.”

“दगड ठेवाले माणूस पायताण काढून जाते. तू गाडी घेऊन गेल्ता?”

“पायात काटा रुतला होता.”

“अन् टेकाडाभोवतीचे ते मोठाले दगड तुह्या वावराच्या धुऱ्यावर काहून दिसून राहिले? त्यायलेबी काटा रुतला का?”

“हळू बोला, काका. लोकं आयकून राहिले.”

“आयकू दे. कोणत्या जमान्यातले मुर्दे झोपले तिथं, अन् तू त्यायच्या उरावर नांगर घातला.”

“विलायतेले कापूस पायजे, तं लोकं जागा भेटन तिथं पराटी लावून राहिले. तुमी तं आंगणात लावली.”

“आंगण माह्या बापाचं हाय.”

“गावात सांगसान काय?”

नत्थुजींनी चाकावरचा मुरूम नखानं खरडून टाकला.

“किती नांगरलं?”

“उगवतीची बाजू. निम्मं.”

“मंग मावळतीकडं हात लावजो नको. उद्या माहे बैल येतीन तिथं. मी पायताण काढूनच येईन.”