फ्रिज खातोय, असं मी सांगितलं

माझं मूळ राजापूर तालुक्यातलं, पण ते नावापुरतं, वडील कंपनीत लागले तसे आम्ही मानपाड्याला आलो आणि मी इथलाच झालो. दहावी, मग आयटीआय, वायरमनचा ट्रेड, पुढे परवाना काढला, आणि सव्वीस वर्षं हेच करतोय. लोक म्हणतात मी कमी बोलतो. काय सांगू तुम्हाला, वायरमन माणूस दुसऱ्यांच्या घरात शिरतो, माळ्यावर चढतो, कपाटं सरकवतो, त्याला सगळं दिसतं, मग न बोलायची सवय लागते, आणि त्या सवयीचा कुणाला तरी फायदा होतो. शेठला झाला.

शेठ म्हणजे इथला जुना गाववाला. भाताच्या जमिनीवर त्याने चार-चार मजल्यांच्या इमारती उठवल्या, सगळ्या भाड्याने दिलेल्या, आणि सगळीकडचं लाइटचं काम माझ्याकडे. वर टाकीत पाणी चढवायची मोटर असते ना, तिचं बिल मालकाचं. पण शेठ म्हणायचा, आरं, भाड्याची पोरं येतात नि जातात, त्यांना काय कलतंय, टाक कोनाच्या तरी मीटरवर. आणि मी टाकायचो. जिन्याखाली मीटरची पेटी, चावी माझ्याकडे, एक वायर इथून काढून तिथे, पाच मिनिटांचं काम. पहिल्या वेळी दोनदा मागे वळून बघितलं, खोटं कशाला सांगू, नंतर नाही. माझ्या मुलीची फी त्याच कामातून जायची, असं मी स्वतःला सांगायचो.

मागच्या वर्षी थंडीत चौथ्या मजल्यावर एक जोडपं आलं, ओंकार आणि प्रज्ञा. दोघंही शिकत होते, ती बीएडला, तो एमएस्सीला, संध्याकाळी शिकवण्या घ्यायचे. जातीबाहेरचं लग्न, कोर्टात केलेलं, त्यामुळे दोन्ही घरं तुटलेली, मागे कोणी नाही. पण नीटनेटकी पोरं हो. ओट्याच्या वर कॅलेंडर लावलेलं, त्यात रोज सकाळचं मीटरचं रीडिंग लिहिलेलं, खाली गॅस, पाणी, नेट, सगळ्याचे आकडे. शंभर युनिटच्या आत राहिलं की दर कमी बसतो, तेवढ्यात बसवायचं, हा त्याचा हट्ट. ती त्याला चिडवायची, काका, हा मला इस्त्री करू देत नाही, ड्रेस गादीखाली घाल म्हणतो, मीच झोपते माझ्या इस्त्रीवर. तो म्हणायचा, अगं, झोपलीस की पंखा पण एकच लागतो, डबल बचत. हसायची दोघं. मीही हसलोय त्यांच्याबरोबर, आणि तेव्हा मोटर त्यांच्याच मीटरवर होती.

दोन महिने बिल दुप्पट आलं. ओंकारने मला वर बोलावलं. म्हणाला, काका, दुपारी आम्ही दोघं कॉलेजला, घरात फक्त फ्रिज चालू, तरी मीटर पळतो, परवा लवकर आलो तेव्हा मी स्वतः पेटीच्या काचेतून बघितलं. दुपारी मोटर चालायची. पोरगा बरोबर वाटेवर होता, अजून दोन पावलं टाकली असती तर वायरीपर्यंत पोचला असता. मग मी बोललो. म्हटलं, अरे, मग फ्रिजच खातोय, सेकंडहँड घेतलास ना, याचा कॉम्प्रेसर गेलाय. आणि खरं वाटावं म्हणून फ्रिज उघडून वाकून बघितलं. दारात दह्याच्या वाटीशेजारी औषधाची छोटी खोकी होती. हे काय म्हणून विचारलं तर प्रज्ञा म्हणाली, माझं इन्सुलिन, लहानपणापासून घेते, थंडच ठेवावं लागतं.

म्हणजे मला माहीत होतं. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. मला माहीत होतं.

खाली येऊन शेठला म्हटलं, पोराला संशय आलाय. शेठ म्हणाला, मंग महिना-दोन महिने मोटर दुसऱ्या मजल्याच्या मीटरवर टाक, हाय काय नि नाय काय. मी टाकली. तिकडे त्यांनी फ्रिज बंद केलेला, इकडे त्यांचं रीडिंग धाडकन खाली. चार दिवसांनी ओंकार मला शोधत नाक्यावर आला, हातात गरम वड्यांचा पुडा. काका, तुम्ही बरोबर होतात, फ्रिजच होता. मी तो वडा खाल्ला. काय सांगू तुम्हाला, त्याच्यासमोर उभा राहून पूर्ण खाल्ला.

मग एप्रिल आला, मे आला. वर स्लॅब तापलेला, चौथ्या मजल्यावर भट्टी. इन्सुलिन त्यांनी डब्यात घालून पाण्याच्या पातेल्यात ठेवलेलं, परीक्षा झाली की दुसरा फ्रिज बघू म्हणत होते. मी जिन्यावरून जाता-येता वर बघायचो, आणि खाली उतरायचो. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो, बेलवर बोट ठेवलं, परत फिरलो. पोरगी वाळत चाललेली, सारखी पाणी प्यायची, ऊन लागलंय म्हणायची. एका सकाळी तिला उलट्या, धाप, शुद्ध हरपली, चौघांनी खुर्चीत बसवून उतरवली, त्यात एक मी. खुर्चीचा पाय माझ्या हातात होता.

वाचली. सहा दिवस आयसीयूत होती. डॉक्टरांनी सांगितलं, इन्सुलिन उष्णतेने खराब झालंय, आणि विचारलं, औषध कुठे ठेवत होता, आणि ओंकारने सांगितलं, फ्रिज मी बंद केला. तिची आई तेव्हा आलेली, तिने ते ऐकलं. म्हणाली, बिल वाचवायला माझी पोर मारत होतास? आणि प्रज्ञाला शहाडला माहेरी घेऊन गेली. त्याने खोली सोडली.

आठ महिने मी गप्प होतो. जेवण जायचं नाही, बायको विचारायची, मी म्हणायचो पित्त. शेवटी शहाडला गेलो आणि पोरीच्या आईसमोर, पोरीसमोर सगळं बोललो. आई उभीच राहिली. प्रज्ञाने विचारलं, ओंकारला सांगितलंत? म्हटलं, नाही, आधी तुझ्याकडे आलो. ती म्हणाली, मग इथे का बसलात, उठा, तो अजून रोज माझी माफी मागतो.

तो माजिवड्याला झेरॉक्सच्या दुकानात कामाला होता. सगळं ऐकलं त्याने, मशीन चालू ठेवून. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने एवढंच विचारलं, म्हणजे माझा हिशेब चुकला नव्हता? म्हटलं, नाही बाळा, बरोबर होता. तो खाली बसला आणि रडला. मी पाठीवर हात ठेवायला गेलो तर म्हणाला, हात नको, काका. लिहून द्या.

लिहून दिलं. शेठचं नाव, माझं नाव, फ्रिजमध्ये काय बघितलं ते, सगळं, खाली सही. एक प्रत वीज ऑफिसात, एक पोलिसांत, एक शहाडला. आता चौकशी चालू आहे, परवाना जाईल, शेठची माणसं दोनदा घरी येऊन गेली, शेजारी बोलत नाहीत, मुलगीही फारसं बोलत नाही. जाऊ दे. जे व्हायचं ते होईल, मी आता त्याच्या आड येणार नाही. ती त्याच्याकडे परत गेली का, मला कोणी कळवत नाही, आणि विचारायचा हक्क माझा नाही. मनात मात्र रोज म्हणतो, पोरांनो, तुमचं घर उभं राहू दे, आणि त्या घराचं काम करायला चांगला माणूस मिळू दे.