कानातला बोळा

—नाही हो, ओरडत नाहीये, आवाजच असा आहे माझा. सगळा जन्म यंत्रमागांच्या खडखडाटात गेला, शेजारच्याला हाक मारायची तरी बोंब मारावी लागते. ती नर्सबाई दोनदा डाफरली — आजोबा, हळू! केस पिकले की लगेच आजोबा? बसा, बसा तुम्ही. आत माझा धाकटा भाऊ आहे. परवा कारखान्यात मागाचा पट्टा चाकावर चढवायला शिडीवर गेला, पाय निसटला, डोकं आपटलं मागाच्या लोखंडी चौकटीवर. वरून बघाल तर खरचटलंसुद्धा नाही. उठून बसला, हसला, म्हणाला, दादा, घरी सांगू नकोस हं, उगाच रडारड. आणि मग कानातून यायला लागलं — रक्त म्हणावं तर रक्त नाही, गुलाबी पाणी, थेंब थेंब.

आता तुम्हीच सांगा, गळायला लागलं की माणूस काय करतो? बंद करतो! प्रथमोपचाराची पेटी आहे ना आमच्याकडे — आहे की, चांगली मुकादमाच्या खोलीत, कुलूपबंद! पट्ट्या चोरीला जातात म्हणे. किल्ली मुकादमाकडे, मुकादम गावभर. मालकानं कधी एक माणूस पाठवला का, की बाबांनो, कानाला लागलं तर हे करा, हे करू नका? मग कोणीतरी बोळा कोंबला. कापसाचा. तो काय, आमच्या सगळ्यांच्या खिशात असतो, खडखडाट सोसायला. घट्ट वळायचा, थुंकीनं ओला करायचा, अंगठ्यानं दाबायचा. कामावर आल्या-आल्या आधी हेच शिकतो आम्ही.

काल रात्री तापानं फणफणला, आज बरळायला लागला — तेव्हा आणला इथं. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीएवढी. बोळा चिमट्यात धरून विचारते, हा कोणी कोंबला? म्हणाली, डोक्याला मार लागून कानातून पाणी आलं तर अडवायचं नसतं, वाहू द्यायचं. तोच कान खाली करून निजवायचं, वरून स्वच्छ फडकं नुसतं सैल धरायचं, तेल नाही, थेंब नाही, आणि तडक दवाखाना. अडवलं की घाण आत जाते, मेंदूपर्यंत. आणि आम्ही? आम्ही तो कान वर करून निजवलं त्याला — उशी खराब होऊ नये म्हणून! मी म्हटलं, कोणी कोंबला ते बघितलं नाही बुवा.

बघितलं नाही! अहो, माझ्याच खिशातला कापूस, माझीच थुंकी. भिजला तसा वर दुसरा दाबला. त्यानं हात धरला माझा, दादा, दुखतंय रे. मी म्हटलं, गप, लहान आहेस का? ...तुम्ही असे बघू नका माझ्याकडे. तुम्ही काय केलं असतं? तुम्हाला तरी ठाऊक होतं का? नव्हतं ना? मग!

थांबा, जरा सरका, ती दाराची काच दिसू द्या. आली बघा डॉक्टरीणबाई, मोठ्या डॉक्टरांशी बोलतेय. ऐकू कशाला यायला हवं? मागावर कोण कोणाचं ऐकतो, आम्ही ओठ बघूनच बोलतो. ती म्हणतेय — उशीर... म्हणतेय — आता हाक मारली तरी... म्हणतेय — बाहेर त्याचा भाऊ बसलाय, त्याला कोण—

नाही. काही नाही. कळलं नाही मला. तुम्ही जा. अहो, जा म्हणतो ना!