चुकणारा विद्यार्थी

कॉन्फिडन्सचं काय विचारतेस, आमच्या बीएडच्या बॅचमध्ये माझ्याइतका कुणालाच नव्हता. लॉकडाऊनमध्ये पाठ घ्यायचे ते घरातूनच, फोनसमोर. करी रोडच्या एका खोलीत विद्यार्थी कुठून आणणार? मग बाबांनाच खाटेवर बसवायचे. प्रश्न विचारला की ते हात वर करायचे, "बाई, मी सांगू?" आणि हमखास चुकीचं सांगायचे. मी वैतागायचे.

"बाबा, काल तयारी करताना तर बरोबर सांगितलंत."

"अगं, मी चुकलो नाही तर तू शिकवणार कुणाला?"

दुसऱ्या लाटेत बाबा गेले. कॉलेज उघडल्यावर परळच्या एका शाळेत माझा पहिला खरा पाठ होता. प्रश्न विचारला, अख्खा वर्ग गप्प. पुन्हा विचारला, तरी एक हात वर येईना. शेवटी मीच उत्तर सांगून मोकळी झाले.

मागच्या बाकावर बसून मार्क देणारे सर नंतर म्हणाले, "मुलं चुकायला घाबरतात, मॅडम. बिनधास्त चुकणारा एक जरी असला ना, की बाकीचे बोलायला लागतात."

म्हटलं, "एक होता, सर."

"मग आज आला नाही का?"

"नाही आला," म्हटलं आणि फळा पुसायला घेतला.