थ्रेशरच्या कुलपाची चावी

हॅलो?… हॅलो, दादा?… हाव, मी दुर्गेश्वरीच. माह्या फोनवर दुसरं कोन बोलन?… अरे, ओरडून काऊन राहिला? येते ऐकू मले. इथं वर्गातले सारे पोट्टे माह्याकडं पाहून राहिले.

कोनती चावी?… थ्रेशरच्या कुलपाची? ते तर मी खुंटीवर अडकवली. तुह्या शर्टाच्या बाजूले. सकाळी, बस पकडाले निघाच्या आधी… नाही? घरून निघताना नीट पाहिलं का?… चारदा पाहिलं, तर मंग घरी जाऊन पाचव्यांदा पाहा!

हे पाहा, शिवी देऊ नको. शिवी देऊ नको म्हनते ना मी, योगराज दादा…

कुलूप काऊन लावलं म्हनजे? बेरिंगले ग्रीस भरून राहिली होती मी. खांद्यापर्यंत हात आत होता माझा. तेवढ्यात कोनी ट्रॅक्टर चालू केला असता तर? म्हनून पट्ट्याच्या चाकात साखळी टाकाची, कुलूप लावाचं, मंगच हात घालाचा. पहिल्याच दिवशी शिकवलं आमाले… हाव, गोंदियात आयटीआयमधी असंच शिकवते! तुह्या दवनीवाड्यात नसन शिकवत.

काढनारच होती ना रे! पन पट्ट्यावरची जाळी कुठं आहे?… उलटं मले नको विचारू, मले माहीत आहे ते कुठं आहे. कोंबड्यायच्या खुराड्यावर. जाळी लाव, मंग कुलूप काढ, असं सांगून आली मी तुले. तू चहा पिता पिता "हं" म्हनला होता… म्हनला होता!

धानाची तनस अटकते म्हनून काढली? तनस अटकली तर मशीन बंद कराची अन् तनस काढाची. जाळी काढून कोंबड्या झाकते का कोनी?

हो, हो… अरे ऐक ना… जागेश्वर काकाच्या धानाच्या बांधीत उभा आहेस, धानाचे दोन पुंजने मळाचे आहेत, पाच बाया सकाळपासून नुसत्या बसल्या आहेत, आभाळ आलं आहे… झालं सांगून? मंग खुराड्यापाशी जा. चार नट तर आहेत. दहा मिनिटाचं काम, अन् अर्धा तास झाला तू मले शिव्याच देऊन राहिला!

चावी मी नाही आनली… थांब, पाहते. थांब म्हटलं ना… डांगरीच्या खिशात नाही… बॅगमधी पाना आहे, वही आहे… डब्याच्या पिशवीत कायले राहीन?…

…

नाही, आहे फोनवर… हाव. आहे. चावी इथंच आहे, डब्याच्या खाली… मी नाही ठेवली! खोटं कायले बोलू?… मले काय माहीत कशी आली, तिले पाय फुटले असन!… चोर? मी चोर? वा रे वा!

आत्ता कशी आनून देऊ? अकरा वाजता माझं प्रॅक्टिकल आहे. शेवटचं. हे पास झाली तर कागद हाती पडते, तिरोड्याच्या वर्कशॉपवाल्यानं बोलावलं आहे मले… नाही सोडत परीक्षा. मास्तराले फोन कर नाहीतर कलेक्टरले कर, नाही सोडत.

हातोड्यानं फोडतो? फोड. पन जाळी लाव आधी… चार वर्षं काहीच नाही झालं? मंग काय होऊ देतो म्हनतोस का?… हाव, आहेत माहे हात काळे. ग्रीसनं काळे आहेत. कोन करन लग्न ते मी पाहीन, तू आपला पट्टा पाहा!

हॅलो?… हॅलो?… कोन, वहिनी? दादा कुठं गेला?… हातोडा आनाले? अन् फोन तुह्याजवळ देऊन गेला? बरं झालं. फुलवंता वहिनी, ऐक ना, मशीनजवळ नको जाऊ तू आज. पेंढ्या टाकाले दुसरं कोनी… काय?… काय म्हनली?… चावी तू ठेवली? डब्याखाली?

काऊन गं?… जरा मोठ्यानं बोल… कधी?… बुधवारी? पदर पट्ट्यात गेला… अगं माय… मंग?… साडी फाटली म्हनून वाचली. नाहीतर… अन् दादा? दादा काय म्हनला?… "पदर खोचता येत नाही का"? असं म्हनला तो?

मले काऊन नाही सांगितलं? दोन दिवस घरी होती मी. संगं बसून भात खाल्ला आपन!… हाव. हाव गं… खरं आहे, मी भांडली असती. भांडून इकडं निघून आली असती, अन् तू तिथंच राहिली असती त्याच्यासंगं… समजलं मले. रडू नको. डोळे पूस, तो पाहीन. आता मी सांगते तसं कर. तुले काहीच माहीत नाही. काहीच नाही, समजलं? आला का? दे त्याले.

हाव, बोल… हातोडा ठेव बाजूले अन् जागेश्वर काकाले फोन दे… काऊन नाही? त्यायच्या बांधीत कोन्या बाईचा हात गेला तर गावाले काय सांगान, एवढंच विचारते मी त्यायले… स्पीकरवरच आहे का? मंग तर बेसच झालं. काका, राम राम! ऐकून राहिले ना तुमी?… काका, मशीनच्या पट्ट्यावर जाळी नाही. लुगडं गेलं तर बाई जाते संगं… हाव, नाही त्याच्यावर, मघापासून तेच सांगून राहिली… नाही काका, जाळी घरीच आहे, तुमचं पोरगं पाठवा सायकलनं… हाव, जाळी बसली की खुशाल फोडा कुलूप. नवीन मी आनून देते… हाव काका. राम राम.

गप बसला ना आता?… अन् आता हळू काऊन बोलून राहिला रे? स्पीकर बंद केला का?… काय?… वहिनीचं नाव कायले काढतो मंधात? तिचा काय संबंध?

मीच आनली चावी. जानूनबुजून आनली… आधी नाही म्हनली, ते खोटं बोलली मी. तुह्या शिव्या ऐकून बोलली… नाही ठेवली तिनं! तिची हिंमत आहे का तुह्यासमोर?… दादा, तिले हात लावशील तर पाहा. मी पोलीस पाटलाले घेऊन येईन घरी, भाऊ म्हनून नाही पाहनार…

शपथ? शपथ कायले पाहिजे तुले?… घेते ना. देवाची शपथ… मंग कोनाची?… आईची?

दादा, ते घरात आजारी पडून आहे रे. असं नको…

…

हाव. आईची शपथ. मीच आनली… झालं समाधान?

नाही येत घरी. तू हाकलाच्या आधीच सांगते, नाही येत… ठेव फोन.