तीन नकाशे आणि एक दगड

हसू नका, पण तीन नकाशे जुळले की बिनधास्त विश्वास ठेवा, असं मीच लोकांना शिकवत फिरायचो.

पवनानगरजवळ दोन वाड्यांमध्ये पर्यटकांच्या तंबूंच्या जागेवरून डोकी फुटायची वेळ आली होती. हद्दीचा नकाशा मी दुसऱ्या दिवशी बैठकीत मांडणार होतो. माझ्याकडे तीन होते: ऑनलाइन नकाशा, एका संस्थेचा नकाशा, ड्रोनवाल्याचा नकाशा. तिन्हींत हद्द एकाच पांढऱ्या दगडावरून गेलेली. मी जाम खूश! दगड एकदा डोळ्यांनी बघावा म्हणून गेलो, तर तो एका आबांच्या चहाच्या टपरीसमोर.

"आबा, हा हद्दीचा दगड किती जुना?"

"कसली हद्द? त्यो मीच आणलाय वढ्यातनं, गिऱ्हाईकाला बसाया."

"मग पांढरा का रंगवला?"

"कुणी ठेचाळू न्हाई म्हून. ऊन आलं की सावलीला सरकवतो."

"आणि ते तीन नकाशेवाले? ते आले होते ना इथं?"

"तिघंबी त्याच्यावरच बसून चहा पिऊन गेले. फोटूबी काढले."

मी हातातला नकाशा उलगडला. "अहो आबा, मग खरी हद्द कुठाय?"

आबांनी माझ्या हातातल्या कागदाकडं बोट दाखवलं. "मला काय इचारता? नकाशा तुमच्याकडं हाय न्हवं!"