सदुसष्टावं पुस्तक

पास्टर : नाही रिना. दुसरा कुठलाही पाठ सांग, तुझ्या लग्नाच्या उपासनेत मी आनंदानं वाचीन. हा नाही.

रिना : काऊन नाई? तुम्ही वाचला तरी का? मी मोबाईल हाती देल्ला, तुम्ही वरचं नाव पाह्यलं अन् वापस केला.

पास्टर : नाव पाहिलं म्हणूनच परत केला. हे पुस्तक आपल्या पवित्र शास्त्रात नाही.

रिना : सिस्टरांच्या बायबलात आहे. त्या पानाचाच फोटो होय हा. त्याईच्या मिशन दवाखान्यातला माह्या सैपाक आटोपला का दुपारी सिस्टर मले वाचून दाखवते.

पास्टर : त्या कॅथलिक आहेत. त्यांची पुस्तकं त्र्याहत्तर, आपली सहासष्ट. एकोणचाळीस जुन्या करारात, सत्तावीस नव्यात. रविवारच्या शाळेत तू धडाधड नावं म्हणायचीस. मीच शिकवली होती.

रिना : आजही म्हणून दाखवते. पण मधातले हे सात बाहेर कोणी काढले, ते तुम्ही कधी शिकवलं नाई.

पास्टर : काढले असं नाही गं. जुनी भानगड आहे ती. यहुदी लोकांच्या इब्री भाषेतल्या यादीत ही पुस्तकं नव्हती, ग्रीक भाषेतल्या शास्त्रात होती. पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या हाती ग्रीकच होतं, म्हणून ते वाचायचे. पुढं आपल्या लोकांनी ठरवलं, वाचायला चांगली आहेत, पण त्यांच्यावर शिकवण उभी करायची नाही.

रिना : वाचाले चांगले आहेत, म्हटलं न? मंग मी दुसरं का सांगून राह्यली? वाचा. शिकवण नका उभी करू.

पास्टर : तू वकील व्हायचीस ती चुकून सैपाकघरात गेलीस.

रिना : सिस्टर म्हणते, रोममंदी जमिनीखाली पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या कबरी आहेत, तिथल्या भिंतीवर ह्या पुस्तकातल्या नवरदेवाचं चित्र काढून ठेवलं आहे, हातात मासा धरलेलं. मेलेल्याजवळ काढाले चालते, अन् माह्या लग्नात चालत नाई.

पास्टर : लग्नात लोक काना गावचा पाठ घेतात. प्रभू लग्नाला येतो, पाण्याचा द्राक्षारस करतो. किती गोड पाठ आहे. तुला तो का नको?

रिना : माह्या लग्नात वाचला होता न तो. दोन्ही खेपा. सूरजच्या येळी अन् राजदीपच्या येळी. तुम्हीच वाचला.

पास्टर : हो.

रिना : सूरज लग्नाच्या सातव्या महिन्यात मोहा वेचाले गेला, वाघानं नेला. राजदीप धान रोवाले बांधीत वाकला होता, अंगावर वीज पडली. दोघाईले माती देल्ली ती पण तुम्हीच. आता तिसऱ्यांदा काना गाव वाचसान, तर अंजनाबाई बसल्या जागी बोटं मोजतील.

पास्टर : अंजनाबाईंचं मनावर घेऊ नकोस. राजदीपची आई आहे ती. तरणाताठा मुलगा गेलेली बाई, तोंडाला येईल ते बोलते.

रिना : घरी बोलल्या असत्या तर मी काई म्हटलं नसतं. मागच्या रविवारी तुम्ही आमच्या लग्नाची सूचना वाचली. कोणाची हरकत असेल तर आताच सांगा, म्हटलं. त्या भर मंडळीत उठल्या. म्हणे, मले कायची हरकत, हरकत दसरूच्या मायची असाले पायजे, हिनं दोन नवरे खाल्ले, तिसरा आयता भेटून राह्यला.

पास्टर : मी लगेच 'बसा' म्हटलं त्यांना.

रिना : 'बसा' म्हटलं. 'खोटं आहे' नाई म्हटलं.

पास्टर : रिना...

रिना : त्या पुस्तकातल्या पोरीचे सात नवरे मेले, पास्टर. सात. माह्ये तर दोनच. तिच्या घरची मोलकरीण तिच्या तोंडावर म्हणते, तूच मारले. ती पोरगी माडीवर जाते फास घ्याले. मंग तिले बापाचं तोंड दिसते. तशीच खिडकीपाशी उभी राह्यते अन् देवाले म्हणते, माह्या हातून काई झालं नाई, तुले ठाऊक आहे. सिस्टरनं हे वाचलं त्या दिवशी मी सांजच्या डाळीचा कुकर उतरवाले उठलीच नाई. सगळ्या पेशंटाईची डाळ करपली. एवढ्या जुन्या काळी कोणीतरी माह्यं लिहून ठेवलं होतं, अन् मले ते बत्तीस वर्साची झाल्यावर भेटलं.

पास्टर : आणि पुढं माशाचं काळीज निखाऱ्यावर टाकून ते नवरे मारणारं भूत पळवतात, तेही त्यातच आहे ना?

रिना : आहे.

पास्टर : मग? बावीस वर्षं झाली मला या गावांत. लोकांना सांगतोय, पुजाऱ्याकडे जाऊ नका, धूर करू नका, कोंबडं कापू नका, ताप आला तर दवाखान्यात जा. आणि आता मीच पुढं उभा राहून माशाचा धूर वाचू? दुसऱ्या दिवशी तळ्यावर रांग लागेल.

रिना : प्रभूनं भुतं डुकराईत घातले, ते सहासष्टात आहे. थुंकीचा चिखल करून आंधळ्याच्या डोळ्याले लावला, ते पण सहासष्टात आहे. ते वाचल्यावर कोणी डुकरं आणाले नाई धावलं. मी ढिवराची पोरगी आहो, लहानपणापासून मासे चिरले. माश्याच्या काळजानं भूत पळत असते तर आमच्या तळ्यात एक मासा उरला नसता. मले मासा पायजेच नाई. मले त्या पोरीची अन् तिच्या आठव्या नवऱ्याची, जो वाचला त्याची, प्रार्थना पायजे. आठव्या अध्यायात आहे. चार ओळी.

पास्टर : चार ओळींवरून कमिटी मला चाळीस प्रश्न विचारेल. सेक्रेटरी कोण आहेत? अंजनाबाईंचे सख्खे दीर. आधीच म्हणतात पास्टर ढिला पडला. तुझं लग्न चर्चमध्ये होऊ देणार नाहीत ते.

रिना : नका होऊ देऊ. सही करून रजिस्टर लग्न करता येते, ते मले कळते. पण चोरावानी करणार नाई. ज्या बाकावरून त्या उठल्या, त्याच बाकासमोर मी उभी राहीन. तुम्ही वाचलं तर ठीक, नाईतर मी वाचीन. माह्या हातचा मोबाईल हिसकाले दोघं-तिघं तरी लागतील.

पास्टर : सहासष्ट पुस्तकांत तुझ्यासाठी एक ओळ नाही, असं वाटतं तुला?

रिना : मी वाट पाहून राह्यली होती न. राजदीपच्या मातीच्या दिवशी. अंजनाबाई कबरीच्या काठावरून वरडल्या, माह्या पोराले हिनं खाल्लं. तुमच्या हाती बायबल उघडं होतं. तुम्ही का केलं?

पास्टर : प्रार्थना केली.

रिना : त्याच्या आधी बायबल मिटलं. मी तुमच्या हाताकडेच पाहून राह्यली होती.

पास्टर : हो. मिटलं.

रिना : आतमंदी काई नव्हतं म्हणून मिटलं का?

पास्टर : होतं. तू आता म्हणालीस तोच आंधळ्याचा पाठ. शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला ते पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? प्रभू सांगतो, कोणाचंच नाही. माझं बोट त्याच पानात होतं. राजदीप वारल्याचा निरोप आला तेव्हाच काढून ठेवलं होतं मी ते पान. तुझ्यासाठी.

रिना : मंग?

पास्टर : मग काय. अंजनाबाई छाती पिटत होत्या, त्यांचे दीर माझ्याकडे बघत होते. म्हटलं, आज नको. पुढं कधीतरी वाचू.

रिना : तीन वर्सं झाले.

पास्टर : तीन वर्षं झाली. लाज वाटते मला, रिना. याआधी कोणाला बोललो नाही.

रिना : मंग पुस्तक आतलं का बाहेरचं, हा वाद माह्यासंगं कायले करून राह्यले? आतलं होतं ते तरी तुम्ही कुठी वाचलं?

(दाराला सायकल टेकवून दसरू आत येतो. केसांत, भुवयांत राइस मिलचा कोंडा.)

दसरू : लाईन गेली, मिल बंद. म्हटलं पाहून यावं, लग्न आहे का मोडलं.

पास्टर : ये, बस. दसरू, तू नवरदेव. तुझं काय म्हणणं आहे या पाठाबद्दल?

दसरू : माह्यं का म्हणणं. हिनं सांगतलं, म्या ऐकलं. चांगलं वाटलं.

पास्टर : खरं सांग, तुला भीती नाही वाटत?

दसरू : वाटते न. चाळीस वर्साचा झालो, पहिल्यांदा लगन करून राह्यलो.

पास्टर : मी ते नाही विचारलं.

दसरू : समजलं मले. भावाले वाटते भेव. सोमवारी त्यानं एजंट घरी आणला अन् माह्या जिवाचा इमा काढला. म्हणे, सही कर, लग्नाच्या आधी झालेला बरा.

रिना : मले नाई सांगतलं तुम्ही.

दसरू : तू रडली असती. हे पाहा पास्टर, त्या पुस्तकात पोरीचा बाप लग्नाच्या रातीच जावयाले गाडाले खड्डा खणून ठेवते. हिनं वाचून दाखवलं तवा म्या लय हासलो. मंग सोमवारी सही करतानी आठवलं. माह्यावाला एजंटानं खणला.

रिना : मले भेव वाटते, पास्टर. मी तुमच्याशी एवढी तोंड करून राह्यली, पण मले लय भेव वाटते. हे मिलमंदी जातेत तवा दिवसभर माह्या कान रस्त्याकडे राह्यते. लोकाईनं एवढ्या खेपा म्हटलं का मले पण वाटाले लागलं, मीच असन. घरी मनातल्या मनात वाचून ते जात नाई. देवाच्या घरी, सगळ्याईच्या देखत, मोठ्यानं कोणीतरी म्हणाले पायजे. म्हणून अडून बसली मी. कोणाची जिरवाची म्हणून नाई. थोडीशी जिरवाची पण आहे.

पास्टर : पोरी, मी पास्टर आहे. मंडळीच्या नियमाला बांधलेला आहे. सहासष्टाबाहेरचं काही पाठ म्हणून मला वाचता येत नाही. ते मी करणार नाही, मग तू कितीही रागाव.

दसरू : तुम्ही काऊन वाचता? ते तर नवरदेवानं म्हणाचं आहे.

पास्टर : म्हणजे?

दसरू : त्या पुस्तकात पास्टर नाईच. नवरदेव बायकोले म्हणते, उठ, अन् दोघं उभे राहून देवाशी बोलतेत. पाठ नाई तो, प्रार्थना होय. नवरदेवाले प्रार्थना कराले कमिटीची परवानगी लागते का?

पास्टर : नाही. प्रार्थना कोणीही करावी.

दसरू : बस मंग.

पास्टर : हे तुम्ही दोघं ठरवून आलात का?

रिना : नाई. मी भांडाचं ठरवून आली होती. हे येतील, ते मले ठाऊक नव्हतं.

पास्टर : सेक्रेटरी विचारतील, ही प्रार्थना कुठली.

दसरू : सांगजा, दसरूची होय.

पास्टर : ठीक आहे. प्रार्थना तुझी. पाठ कोणता घ्यायचा ते मात्र मी ठरवणार.

रिना : आंधळ्याचा घेसान का?

पास्टर : मी ठरवतो म्हटलं ना. आधी तू म्हणून दाखव, दसरू. सगळ्यांसमोर अडखळलास तर हिलाच वाईट वाटेल. मोबाईलमध्ये बघून म्हण.

दसरू : मले वाचता कुठी येते बराबर. तोंडपाठ केलं. पोते उचलता उचलता. आमच्या बोलीतच आहे, चालन न?

पास्टर : चालेल.

दसरू : रिना, उठ. बसून नाई म्हणाचं.

रिना : उठली.

दसरू : देवा, आमच्या आज्या-पणज्याच्या देवा. तुनंच आदामाले घडवलं. एकट्या माणसानं निभत नाई म्हणून त्याले जोडीदारीन देल्ली. मी हिले वाईट मनानं नेऊन नाई राह्यलो. खऱ्या मनानं नेऊन राह्यलो. हिच्यावर दया कर, माह्यावर दया कर. आम्हा दोघाईले संगंच म्हातारं होऊ दे.

रिना : आमेन.

पास्टर : आमेन.

रिना : लग्नात जरा मोठ्यानं म्हणजा, पास्टर. मागच्या बाकाईवर बाया बसतेत, अंजनाबाई पण.